वाहत्या पाण्यात तीन रात्री

रत्नागिरी
गुरुवार, ता. २३ एप्रिल १९३१

चि. महिपत,

तुळसा सुटली.

हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, कारण मागची दोन पत्रं तू न उघडता परत धाडलीस. या पाकिटाच्या पाठीवरही मोठ्या अक्षरात तेच लिहिलंय. पोस्टमनने वाचलं तर वाचू दे. तुझ्या खोलीतल्या नऊ जणांनी वाचलं तरी उत्तम. तुझी बायको आज दुपारी तीनच्या सुमारास सेशन कोर्टाच्या पायऱ्या उतरून खाली आली, तिच्या मागे शिपाई नव्हता, आणि हातात बेडी नव्हती. खून नाही, हयगय नाही, काही नाही. सत्त्याहत्तर दिवसांनी.

आता ती आठल्ये वकिलांच्या पडवीत बसून पेज जेवते आहे. तिसरी वाटी. वकिलीणबाई वाढतायत आणि म्हणतायत, "अगो, सावकाश, पळून नाही जात पेज." ती म्हणते, "पेज नाय पळत, पण माझा भरोसा नाय, परत कोणी बोलवायला येईल." सगळे हसले. मी पण हसले. आपले आबा गेल्यापासून मी हसल्याचं मला आठवत नाही.

तुला सगळं सांगते. तू कोर्टात नव्हतास हे तुझं नुकसान झालं.

जज्जसाहेब देशावरचे. त्यांना पाट ठाऊक, पाण्याची पाळी ठाऊक, पण कडू करांदे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. सरकारी वकिलांनी टेबलावर एक करांदा ठेवला होता, मातीसकट, जणू तोच आरोपी. ते म्हणाले, हा रानातला कंद विषारी आहे हे आरोपीला माहीत होतं, तिच्या माहेरी लहान पोरालाही माहीत असतं, तरी तिने तो सासऱ्याला रांधून घातला, स्वतः जेवली नाही, आणि संध्याकाळपर्यंत म्हातारा गेला. माहीत असून घातला, याहून जास्त काय हवं?

मला सरकारी साक्षीदार म्हणून उभं केलं होतं. त्यांचं विचारून झालं आणि आठल्ये वकील उठले. तपकिरीची डबी खिशात टाकली नि अगदी घरात विचारावं तसं विचारलं, "राहीबाई, कडू करांदे खायच्या आधी काय करतात तुमच्यात?"

मी सांगितलं. चकत्या करायच्या, राख चोळायची, टोपलीत घालून टोपली वाहत्या पाण्यात तीन रात्री ठेवायची. पाणी वाहतं हवं. साचलेल्या पाण्यात कडू जात नाही. मग उकडायचे, गूळखोबरं घालायचं.

"तुळसाने टोपली कुठे ठेवली?"

"गंगारामच्या शेताकडे पाटाचा फाटा जातो, त्यात. गुरुवारी संध्याकाळी. रविवारी संध्याकाळी काढली. तिन्ही रात्री झाल्या."

"तिन्ही रात्री त्या फाट्यात पाणी वाहत होतं?"

"नाही. शुक्रवारी पहाटे फाटा बंद झाला. शनिवारी पहाटे परत सुरू झाला. एक दिवस आणि एक रात्र टोपली साचलेल्या पाण्यात होती."

"फाटा कुणी बंद केला?"

"मी."

महिपत, मी आयुष्यात इतकं स्पष्ट कधी बोलले नसेन. कोर्टातला पंखा ओढणारा सुद्धा थांबला.

मग सांगितलं. शुक्रवारची पाळी आपली. दर शुक्रवारी पहाटे मी दगड-चिखल लावून पाणी आपल्या वालाच्या वाफ्यांकडे वळवते, तसंच त्या शुक्रवारी वळवलं. पण आबांनी ती पाळी गंगारामला दिली होती, त्याची रोपं सुकत होती म्हणून. हे तुळसाला ठाऊक होतं, म्हणून तर तिने टोपली त्या फाट्यात ठेवली. मला ठाऊक नव्हतं. गंगाराम शुक्रवारी बाजाराला गेला होता. शनिवारी त्याने पाणी पुन्हा आपल्याकडे घेतलं. तुळसा रविवारी गेली तेव्हा पाणी खळाळत होतं. तिला काय कळणार?

सरकारी वकील तडक उठले. "म्हणजे वडिलांच्या मरणाला तुम्ही कारण झालात?"

"झाले."

"मग त्या पिंजऱ्यात तुम्ही हव्या होता."

"उभी करा," मी म्हटलं. "पण मला विचाराल, टोपली पाटात आहे हे तुला ठाऊक होतं का? मी नाही म्हणेन, आणि तुम्ही मला सोडून द्याल. तिला ठाऊक नव्हतं की पाणी वळलंय. पाणी वळवणारीला सोडायची आणि कंद धुणारीला फाशी द्यायची, हे कसं काय साहेब?"

जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. जज्जांना मत द्यायला तीन असेसर बसले होते, त्यांतला हर्णैचा मासळीचा व्यापारी आपल्या शेजाऱ्याच्या मांडीवर चापट मारून काहीतरी पुटपुटला. मग गंगाराम आला, त्याने आपल्या पाण्याचं सगळं सांगितलं. तिघांही असेसरांनी एकच मत दिलं. आणि निकाल सांगताना जज्जसाहेब म्हणाले, कंद विषारी आहे हे आरोपीला माहीत होतं हे खरं, आणि म्हणूनच तिने तो तीन रात्री धुतला. मारायचं मन असतं तर धुतला कशाला असता?

मी हे वाक्य पाठ केलं. तूही कर.

तू म्हणाला होतास, तिचं तोंड पाहणार नाही. आता ते तोंड तुला फुकट पाहायला मिळणार नाही. ये आणि माग.

तुझी
राहीताई


पाली
शनिवार, ता. २ मे १९३१

चि. महिपत,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण परत आलेल्या पाकिटांपेक्षा बऱ्या. "ताई, ती जेवली नाही, आबांशी भांडली, हे तूच मला लिहिलं होतंस. आता यातलं कोणतं खरं?"

दोन्ही खरं. त्याचं उत्तर देणार आहे. आधी हे ऐक, म्हणजे ते नीट कळेल.

पाण्याचं मला कळलं ते शिमग्यात. पालखी वाडीत घरोघर फिरली, आपल्या दारात थांबली नाही. सुतक म्हणून म्हणाले, पण सुतक केव्हाच संपलं होतं. मी बांधावर उभी राहून लांबूनच हात जोडले. तिथे गंगाराम भेटला. थोडी घेतलेली होती.

"तुमच्या घराने माझं पाणी पण खाल्लं," तो म्हणाला. "तुझ्या बापाने शब्द दिला, नि तू तोडलास. मेलेल्या माणसाविषयी बोलू नये, पण तू जिवंत हायस म्हणून बोलतो."

"कसलं पाणी?"

"शुक्रवारचं! आबांनी मला दिलेलं. बाजारातून येऊन बघतो तर फाट्यात बेडकं बसलेली."

मी त्याला तिथेच सोडून पाटावर गेले. फाट्याच्या कडेला टोपली बांधायची खुंटी अजून होती, तिला काथ्याचा तुकडा. मी किती वेळ तिथे बसले कुणास ठाऊक. चौकीत आणि तुरुंगात तुळसा पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, "मी धुतले होते हो, तीन रात्री धुतले होते." कुणी ऐकलं नाही. ते शब्द मला माझ्याच आवाजात ऐकू यायला लागले.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरी गाठली. आठल्ये वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि तपकीर ओढायचे थांबले. "बाई, हे कोर्टात बोललात तर तुमच्यावर उलटू शकतं. विचार करून आलात का?"

"विचार करत बसले तर येणार नाही, म्हणून आले."

मग त्यांनी मला कायदा सांगितला. म्हणाले, देवळात शंभर वहाणा. एखादा चुकून दुसऱ्याची घालून घरी गेला, तर वहाण गेली हे खरं, पण तो चोर नव्हे. हाताने काय केलं ते कोर्ट बघतं, आणि त्या हातामागे मन कसं होतं तेही बघतं. दोन्ही जुळलं तर गुन्हा. नुसत्या हातावर कुणाला फासावर देत नाहीत.

मला ते इतकं आवडलं की मी विचारलं, "आणि वकीलसाहेब, उलटं असेल तर? हाताने काहीच वाकडं केलं नाही, वहाणा आपल्याच घातल्या, पण मन वाईट होतं?"

ते म्हणाले, "तसे पुष्कळ असतात. ते आमच्याकडे येत नाहीत. ते घरी जाऊन जेवतात."

महिपत, त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. का, ते उद्या लिहीन. आज माझा हात चालत नाही. एवढंच लक्षात ठेव, की तुळसाच्या बाबतीत माझी कोर्टातली साक्ष पूर्ण खरी आहे.


रविवार, ता. ३ मे

कालचं पत्र टाकलं नाही. दोन्ही एकत्रच येतील.

फौजदार आले तेव्हा आबांना नेऊन दोनच दिवस झाले होते. गावातल्या कुणीतरी त्यांना बोलावलं होतं, मी नाही. त्यांनी ओटीवर बसून मला विचारलं, "सून जेवली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

खरं होतं. पण तिचं पान माझ्या पानाशेजारी मांडलेलं होतं, त्यावर करांद्यांची भाजी वाढलेली होती, आणि आपल्या घरात पुरुषांचं झाल्याशिवाय बायका बसत नाहीत हे मी बोलले नाही. माझा सोमवार होता, म्हणून माझ्या पानावर फक्त केळं होतं. आबांना उलटी झाली तेव्हा ती उठून त्यांचं कपाळ धरायला धावली. पान तसंच राहिलं. ते पान मी स्वतः उचलून गाईपुढे नेलं, आणि वास बरा वाटला नाही म्हणून परत आणून उकिरड्यात पुरलं. हेही बोलले नाही.

त्यांनी विचारलं, "सकाळी काही भांडण?"

मी म्हटलं, "झालं होतं."

तेही खरं. आबांना ताप उतरल्याबरोबर थंड पाण्याने अंघोळ हवी होती. तुळसा म्हणाली, "मुकाट्याने बसा, नाहीतर बांधून घालीन." आबा म्हणाले, "बांध, बांध, तुझ्या बापाची म्हैस आहे मी." आणि दोघं हसत होती. भांडण झालं हे मी सांगितलं. हसत झालं हे सांगितलं नाही.

तुला लिहिलं तेही तसंच, अक्षर न् अक्षर खरं. एका शब्दासाठी मला कुणी धरू शकणार नाही. तरी वकीलसाहेब म्हणाले ते मन माझ्याजवळ होतं. मला ठाऊक होतं की मी अर्धं बोलतेय, आणि त्या अर्ध्याने तिचं काय होईल हेही ठाऊक होतं. तेवढ्यासाठीच मी अर्धं बोलले.

का? तुला हसू येईल. आबांना आजारपणात चहा तिच्या हातचा हवा असे. मी केला तर म्हणत, "राहीचा चहा औषधासारखा." अकरा वर्षं झाली मला विधवा होऊन या घरी येऊन. अकरा वर्षं मी ओटी सारवली, वाफे लावले, आणि पाळीची अदलाबदल त्यांनी तिला सांगितली, मला नाही. मी त्या दिवशी देवळात गेले होते म्हणून सांगितली नसेल. पण सांगितली नाही. मला सांगितली असती तर मी पाणी वळवलं नसतं. बघ, आता सुद्धा मी आबांवरच ढकलते आहे.

आणखी एक. माझ्या यजमानांनी मला वाचायला शिकवलं होतं, म्हणून तुझी पत्रं मी तुळसाला वाचून दाखवते आणि तिची मी लिहिते. गेल्या तीन वर्षांत तू तिच्यासाठी लिहिलेल्या ओळी मी किती वेळा गाळल्या ते मोजलेलं नाही. "आबांना नमस्कार, इकडे क्षेम" एवढंच वाचून मी घडी घालायचे. ती म्हणायची, "एवढंच?" मी म्हणायचे, "दमलेला असतो गं तो." तुला वाटत असेल ती कधी काही उत्तर देत नाही. तिला प्रश्नच पोचत नव्हते.

कोर्टात मी पाणी माझं म्हणून सांगितलं आणि सगळ्यांनी माझी वाहवा केली. वकिलीणबाईंनी माझी ओटी भरता येत नाही म्हणून डोळे पुसले. पण पाण्याच्या बाबतीत मी निर्दोष होते, म्हणून ते सांगणं सोपं होतं. हे कठीण आहे. आज सांगते आहे आणि महिपत, मला बरं वाटतंय. आनंदच होतो आहे म्हण. कुणी उलटतपासणी घेतली नाही, तरी मी सांगितलं.

हे पत्र टाकण्याआधी तिला वाचून दाखवणार आहे. या वेळी एक ओळ न गाळता.


सोमवार, ता. ४ मे

वाचून दाखवलं.

ती चुलीपुढे होती. मी वाचत गेले आणि ती चुलीत लाकूड सारत राहिली. संपलं तेव्हा म्हणाली, "झालं?"

"झालं."

"त्यांची जुनी पत्रं जपून ठेवलीयत?"

मी पेटीतून काढली. तेवीस निघाली. ती हात धुऊन, पदराला पुसून समोर येऊन बसली. म्हणाली, "वाचा. पहिल्यापासून. आणि वन्सं, दमलात तर पाणी प्या, पण थांबू नका."

सकाळी बसलो ते दुपार कलली. कुठे ती हसली, कुठे "हे परत वाचा" म्हणाली. गेल्या गणपतीतल्या पत्रात तू लिहिलं होतंस, तुळसाला सांग, गोदीत मिरीच्या गोण्या उचलतो तरी मला तिच्या केसांतल्या सुरंगीचाच वास येतो. ती ओळ ऐकताना तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते तिने पुसलंही नाही. मग म्हणाली, "आता माझं लिहा. जसं बोलते तसंच. सुधारायचं नाय."

तिचं हे:

"तुमची सगळी पत्रं मला आज मिळाली. सुरंगी शिमग्याला फुलते, नि तुम्हाला गणपतीत वास आला, तेव्हा डॉक्टरला नाक दाखवा. मी आबांना मारलं असं तुम्हाला वाटलं. मला तुरुंगात भिंतीकडे बघून रोज त्याचाच विचार यायचा, फाशीचा नाय यायचा. आता तुम्ही या. मी बंदरावर घ्यायला येणार नाय. तुमचं तुम्ही चालत घरी या, वाटेत विचार करा नि दारात आलात की आधी चुकलं म्हणा. मग पाय धुवायला पाणी देईन. गरम देईन."

मी विचारलं, "आणि माझ्याबद्दल काय लिहू?"

ती उठली. फडताळातली करांद्यांची रिकामी टोपली काढली. पोलिसांनी ती कालच परत केली होती, अजून चिठ्ठी लावलेली. तिने चिठ्ठी फाडून चुलीत टाकली.

"लिहा," ती म्हणाली. "वन्संनी केलं ते मी ऐकलं. फेकून देण्याजोग्या नाय त्या. पण कडू हायत. तीन रात्री त्यांना वाहत्या पाण्यात ठेवते. कडू गेलं का ते चौथ्या दिवशी सांगेन."

आणि तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मी विहिरीवर गेले की ती गोठ्यात. चहा माझ्यापुढे ठेवते, बघत नाही. हे पत्र मी अजून धरून ठेवते आहे. निकाल लागला की टाकीन.


गुरुवार, ता. ७ मे

तीन रात्री झाल्या.

सकाळी तुझी तार आली, "शनिवारी बोटीने येतो." मी मोठ्याने वाचली. आता हे पत्र टाकून तुला वेळेत मिळणार नाही, बंदरावरच तुझ्या हाती पोचवीन. तुळसाने झाडू मारता मारता अंगण दोनदा झाडलं.

गंगाराम बांधावरून ओरडून गेला, उद्याचं शुक्रवारचं पाणी तुमचं, आणि या वेळी मी दोघींनाही सांगतोय, नंतर मला कोर्टात नेऊ नका.

दुपारी मी नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले होते. आत पानं मांडल्याचा आवाज आला. दोन पानं, शेजारी शेजारी. तिने भात वाढला, कुळथाचं पिठलं वाढलं, माझ्या पानावर थोडं जास्तच. मग आपल्या पानाशी बसली, पहिला घास घेतला, माझ्या देखत चावला, गिळला.

आणि चौथ्या दिवशी मला हाक मारली.

"वन्सं, या. पिठल्याला मीठ कमी पडलंय, पण कडू नाय."